घरच्या मोटारखान्यांत गाडी उचलण्याचें साधन कसें निवडावें ?

ज्या अंगणांत पूर्वीं दोन बैलगाड्या आणि एक छकडा उभा असे, त्याच अंगणांत आज जीप किंवा मालाची पिकप आणि तिच्या शेजारीं ट्रॅक्टर उभा दिसतो. आपल्या धाराशिव जिल्ह्यांतील बागाइतदारांच्या घरीं हा देखावा आतां नवलाचा राहिलेला नाहीं. बैलगाडीस वंगण घालावयाचें तर त्याकरितां कोणी गांव सोडीत नसे. चौघांनीं गाडी एका बाजूनें उचलून टेकणावर ठेवावी, चाक ओढावें, वंगण चोपडावें, कीं काम झालें. मोटारीचें तसें नाहीं. इंजिनाचें तेल काढण्याचें बूच, ब्रेकच्या नळ्या, पाटे, सायलेन्सर हें सर्व गाडीच्या पोटाखालीं असतें. आणि तेवढ्याकरितां गाडी तालुक्याच्या गांवीं किंवा सोलापुरास न्यावी तर सुगीच्या दिवसांत अख्खा दिवस मोडतो. अलीकडे घरांतील एखादा मुलगा औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत मोटारीचें काम शिकून येतो व आपल्याच शेडमध्यें लिफ्ट बसवावी असें म्हणूं लागतो. मागणी गैर नाहीं. मात्र हें साधन घेण्यापूर्वीं कोणत्या गोष्टी पाहाव्या व त्यांचा क्रम कसा असावा, याचा विचार झाला पाहिजे. तोच या लेखाचा हेतु आहे.

आमची उमेद महसूल खात्यांत जमिनींचे व माणसांचे कागद लिहिण्यांत गेली. त्यांत अपघाती मृत्यूचे पंचनामेही पाहाण्यांत येत. गाडीखालीं किंवा अवजाराखालीं सांपडून गेलेल्या माणसाच्या पंचनाम्यांत कारणाची ओळ फार लहान असते : जॅक सरकला, किंवा जॅक खालीं बसला. ती ओळ लिहावयास क्षण लागतो, पण तिच्यामुळें घराचा कर्ता पुरुष जातो. सबब हा विषय चैनीचा किंवा हौसेचा समजूं नये.

१. उचलणें निराळें, धरून ठेवणें निराळें

संध्याकाळीं ट्रॅक्टरचा नांगर वर उचलून ठेवावा आणि सकाळीं पाहावें तों तो जमिनीस टेकलेला आढळावा, हा अनुभव बहुतेक शेतकऱ्यांस आहे. कोणी दांडा हलविलेला नसतो. रात्रभरांत तेल हळूहळू मागें झिरपलेलें असतें, इतकेंच. या एका गोष्टींत सर्व विषयाचें सार आहे.

तेलाच्या दाबानें वजन उचलण्याचें तत्त्व फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कल यानें सतराव्या शतकांत मांडलें, आणि इंग्लंडांत जोसेफ ब्रामा यानें १७९५ सालीं त्यावर चालणाऱ्या दाबयंत्राचें पेटंट घेतलें. तत्त्व सोपें आहे. तेल दाबून लहान होत नाहीं. म्हणून एका टोकास दिलेला दाब दुसऱ्या टोकास जसाच्या तसा पोंचतो. लहान नळींतील दट्ट्या एक चौरस इंचाचा आणि मोठ्या नळींतील दहा चौरस इंचांचा असेल, तर लहान दट्ट्यावर दहा किलोंचा भार दिल्यानें मोठ्यावरील शंभर किलो वजन उचललें जातें. त्याचा मोबदला अंतरांत द्यावा लागतो. लहान दट्ट्या दहा इंच खालीं जावा तेव्हां मोठा एक इंच वर येतो. म्हणूनच जॅकचा दांडा पुष्कळ वेळां मारावा लागतो.

आतां हें वजन वर राहातें कशाच्या बळावर ? एक बारीक पोलादी गोळी तेलाची परतीची वाट अडविते, आणि दट्ट्याभोंवतीं एक रबरी कडी असते. गोळीखालीं धुळीचा एक कण बसला किंवा कडी उन्हानें कडक होऊन चिरली, कीं तेल मागें सरकतें आणि वजन खालीं येतें. भरलेली मोट विहिरीच्या तोंडाशीं आलेली असतां तिच्या खालीं कोणी उभा राहात नसे. कारण नाडा तुटला तर काय होईल, हें लहान मुलासही ठाऊक होतें. जॅकमधील तेल हा असाच नाडा आहे. फक्त तो डोळ्यांस दिसत नाहीं.

यावरून पहिला नियम निघतो. गाडी तेलानें उचलावी, पण माणूस खालीं जाण्यापूर्वीं ती घट्ट लोखंडावर टेकवावी. साधन महाग असो कीं स्वस्त, त्याची परीक्षा करतांना प्रथम विचारावें : तेल सर्व निघून गेलें तर गाडी कशावर राहील ? याचें उत्तर दाखवितां येत नसेल तें साधन घेऊं नये.

२. साधनांचे प्रकार

जॅक व घोड्या. चाकें असलेला, जमिनीवरून सरकविण्याजोगा जॅक आणि त्याबरोबर चार लोखंडी घोड्या हें सर्वांत साधें साधन होय. गाडी जॅकनें उचलावी, योग्य ठिकाणीं घोड्या लावाव्या, आणि जॅक सैल करून भार घोड्यांवर द्यावा. घोडीच्या पायाचा पसारा रुंद असावा व तिची उंची दांतेरी खटक्यानें किंवा जाड खिळीनें कायम होणारी असावी. तिच्यावर कोरलेलें वजन एका घोडीचें आहे कीं जोडीचें, हें वाचून घ्यावें. घोडीच्या ऐवजीं विटा, सिमेंटचे पोकळ ठोकळे किंवा दगडांची चळत कधींही लावूं नये. वीट व ठोकळा हे आधीं वांकत नाहींत, इशारा देत नाहींत, एकदम फुटतात.

कात्री लिफ्ट. कात्रीच्या पात्यांसारखे लोखंडी हात उघडून गाडी वर जाते. मध्यम प्रकारची लिफ्ट गाडी सुमारें चार फूट उचलते. बसून काम करण्यास तेवढी उंची पुरते. छप्पर फार उंच लागत नाहीं. दोष हा, कीं कात्रीचा सांगाडा गाडीच्या पोटाखालीं मधोमध येतो व तेथील भागास हात पोंचण्यास अडचण पडते.

दोन खांबी लिफ्ट. दोन उभे खांब, प्रत्येकास दोन हात. गाडी चार ठिकाणीं धरून सुमारें सहा फूट वर जाते, चाकें मोकळीं लोंबतात, आणि माणूस खालीं उभा राहून काम करतो. कामाच्या दृष्टीनें ही सर्वांत सोयीची. पण पायाच्या दृष्टीनें सर्वांत मागणी करणारी. हिच्यांत गाडीचा भार खांबांपासून दूर, हातांच्या टोकांवर असतो. त्यामुळें खांब आंत कलूं पाहातात, व तो सर्व ओढा जमिनींतील बोल्टांवर येतो.

चार खांबी लिफ्ट. गाडी दोन लांब पट्ट्यांवर चढवितात, आणि पट्टे वर जातात. भार सरळ खालीं उतरतो, म्हणून ही स्थिर असते. मात्र चाकें पट्ट्यांवरच टेकलेलीं राहातात, आणि चाक काढावयाचें झाल्यास वर पुन्हां निराळा जॅक लागतो. एका गाडीवर दुसरी ठेवून जागा वाचविणें हा शहरांत तिचा मोठा उपयोग आहे. खेड्यांत जागेचा तुटवडा नाहीं. तेव्हां हा गुण आपल्या उपयोगी नाहीं.

खड्डा. पुष्कळांस वाटतें कीं गाडी उचलण्यापेक्षां खालीं खड्डा खणावा. खड्ड्यांत गाडी पडण्याचें भय कमी, हें खरें. पण पेट्रोलची वाफ व स्वयंपाकाच्या सिलिंडरांतील गॅस हे हवेहून जड असल्यानें खड्ड्यांत सांचतात, आणि एका ठिणगीनें पेट घेतात. शिवाय काळ्या जमिनींत खड्ड्याच्या भिंती पावसाळ्यांत आंत दाबल्या जातात व तळाशीं पाणी येतें. खड्डा करावयाचाच तर मुरमाड जागीं, पक्क्या भिंतींचा, हवा खेळती ठेवून व वर फळ्यांचें झांकण घालून करावा.

३. गाडीचें वजन

साधनावर लिहिलेलें वजन आणि आपल्या गाडीचें वजन यांचा मेळ प्रथम कागदावर घालावा. लहान मोटार रिकामी असतां पाऊण ते एक टन भरते; बोलेरोसारखी जीप दीड टनाहून अधिक; आणि पंचेचाळीस ते पन्नास अश्वशक्तीचा ट्रॅक्टर सुमारें दोन टन. नोंदणीच्या कागदावर रिकाम्या गाडीचें वजन लिहिलेलें असतें, तें पाहावें. जीप व पिकप ज्या घरीं आहेत त्यांनीं तीन टनांहून कमी ताकदीचा जॅक व चार टनांहून कमी ताकदीची लिफ्ट घेऊं नये. पिकपमधील खताचीं पोतीं उतरविल्याशिवाय ती उचलूं नये, हें सांगणें न लगे. रिकाम्या पिकपचाही भार पुढें इंजिनाकडे अधिक असतो. म्हणून दोन खांबी लिफ्टवर ती मधोमध न घेतां तोल पाहून घ्यावी लागते.

गाडी कोठें धरावी हेंही महत्त्वाचें आहे. ज्या जीपला स्वतंत्र लोखंडी सांटा आहे तिला सांट्याखालीं धरावें. लहान मोटारींस असा सांटा नसतो. त्यांच्या कडेच्या पट्टीवर कारखानदारानें खुणा केलेल्या असतात, तेवढ्याच जागीं आधार द्यावा. भलत्या जागीं दिल्यास पत्रा चेंबतो व गाडी घसरते.

ट्रॅक्टर मोटारीच्या लिफ्टवर चढवूं नये. त्याचा पुढचा आंस मधल्या खिळीवर झुलता असतो. पुढील बाजू उचलल्यावर तो एका अंगास कलतो. सबब उचलण्यापूर्वीं आंस व सांगाडा यांच्या मध्यें दोन्ही अंगांस लाकडी पाचरी ठोकाव्या, मागील चाकांस पुढून-मागून उटी लावावी, आणि मागचें अवजार जमिनीस टेकवावें. उचललेल्या नांगराखालीं किंवा रोटाव्हेटरखालीं, केवळ हायड्रॉलिकच्या भरंवशावर, हात सुद्धां घालूं नये.

४. जमीन : आपल्या जिल्ह्याचा खरा प्रश्न

साधनाच्या छापील पत्रकांत सर्व कांहीं लिहिलेलें असतें. आपल्या पायाखालची माती कशी आहे, एवढेंच त्यांत नसतें. आणि आमच्या मतें निवडीचा निकाल येथेंच लागतो.

मांजरा, तेरणा व सीना यांच्या खोऱ्यांत खोल काळी जमीन आहे. बालाघाटच्या माथ्यावर व उतारांवर ती पातळ होत जाते, व पुष्कळ ठिकाणीं हात-दोन हातांवर मुरूम लागतो. पिकास जी जमीन उत्तम तीच पायास वाईट. काळी माती पाणी पिऊन फुगते व वाळून आकसते. वैशाखांत तिला पडलेल्या भेगांत हात जातो, आणि श्रावणांत त्याच भेगा मिटून जमीन वर येते. अशा जमिनीवर केवळ सपाट काँक्रीट टाकून त्यावर दोन खांब उभे केले, तर एक खांब जरा उचलला जातो, दुसरा तसाच राहातो. आणि वर दोन टनांची गाडी असते. काळ्या जमिनीवरील घरांच्या भिंतींस ज्या तिरप्या चिरा पडतात, त्यांचें कारण हेंच.

म्हणून शेडची जागा निवडतांना उन्हाळ्यांत चार ठिकाणीं खणून पाहावें. तीन-चार फुटांच्या आंत मुरूम लागला तर काळी माती सर्व काढून टाकावी, चांगला मुरूम सहा सहा इंचांच्या थरांनीं पाणी मारून धुमसानें ठोकावा, त्यावर दगडी सोलिंग करावें आणि मग सळईचें काँक्रीट घालावें. कात्री लिफ्टकरितांही हा तळ सहा इंचांहून कमी जाड नसावा. दोन खांबीकरितां कारखानदाराच्या नकाशांत दिलेली जाडी, लांबी-रुंदी व काँक्रीटची प्रत तंतोतंत पाळावी. खोल काळ्या जमिनींत, जेथें दहा फुटांवरही मुरूम नाहीं, तेथें दोन खांबी लिफ्टचा विचार सोडून द्यावा. अथवा स्थापत्याच्या जाणकाराकडून बुडाशीं फुगीर असे जमिनींतील खांब घालवून घ्यावे. काळ्या जमिनीकरितां हे खांब आपल्या देशांत पुष्कळ ठिकाणीं वापरले आहेत, पण त्यांचा खर्च लिफ्टच्या किंमतीच्या बरोबरीस येऊं शकतो.

काँक्रीट घातल्यावर निदान सात ते दहा दिवस तें ओल्या पोत्यांखालीं भिजत ठेवावें, आणि पुरे अठ्ठावीस दिवस झाल्याशिवाय बोल्ट आंवळून भार देऊं नये. पाण्याच्या टंचाईच्या दिवसांत हें काम काढलें तर भिजवण्यांत हयगय होते. याकरितां तें पावसाळा संपतांच, विहिरींस पाणी असतांना काढावें.

आपल्याकडील जुन्या शेडांत शहाबादी फरशी असते. तिच्यावर बोल्ट ठोकून लिफ्ट कधींही बसवूं नये. जॅक व घोड्याही तिच्यावर नुसत्या ठेवूं नयेत. खालचा भराव पोकळ असेल तर फरशी चिरते व घोडीचा एक पाय खचतो. मातीच्या जमिनीवर तर घोडी मुळींच लावूं नये. चार कोपऱ्यांस दोन दोन फुटांचे काँक्रीटचे ठोकळे करून घ्यावे.

५. छप्पर

दोन खांबी लिफ्टला छप्पर किती उंच हवें, याचा हिशेब सोपा आहे. सहा फूट उंचीची जीप सहा फूट उचलावयाची तर बारा फूट झाले, आणि वर हात-दीड हात मोकळा हवा. पुष्कळ पत्र्याच्या शेडांत इतकी उंची कडेस नसते. म्हणून मोजमाप वळचणीपाशीं घ्यावें, आढ्यापाशीं घेऊं नये.

येथें एक धोक्याची सूचना. कित्येक जण जुन्या वाड्याच्या तुळईस साखळीची कप्पी अडकवून इंजिन किंवा गाडीचें तोंड उचलतात. माळवदाच्या घरांत त्या तुळईवर मातीच्या जाड थराचें ओझें आधींच असतें. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-धाराशिव भागांत झालेल्या भूकंपांत सास्तूरसारख्या गांवीं माणसें मेलीं तीं मुख्यतः दगड-मातीच्या भिंती व माळवदाचें ओझें अंगावर पडून. ज्या तुळईनें तीस-चाळीस वर्षें आणखी पावसाळे खाल्ले आहेत, तिला पुन्हां अर्धा टन टांगूं नये. साखळीच्या कप्पीकरितां लोखंडी तिपाई किंवा स्वतंत्र लोखंडी चौकट घ्यावी. त्याच कारणास्तव, या जिल्ह्यांत गाडी रात्रभर उचललेल्या स्थितींत ठेवूं नये. काम अपुरें असलें तरी संध्याकाळीं ती खालीं उतरवावी.

६. वीज

लिफ्टचा पंप बहुधा तीन अश्वशक्तीच्या आसपास असतो. तो एक फेजवर चालणारा व तीन फेजवर चालणारा असे दोन्ही प्रकारचे मिळतात. शेतीपंपाचा तीन फेजचा पुरवठा ठराविक तासांचा असतो आणि ती जोडणी पंपाकरितांच दिलेली असते. तिच्यावरून लिफ्ट चालविणें नियमास धरून नाहीं. घरची जोडणी एक फेजची असल्यास त्याच प्रकारचा पंप मागावा, आणि तारेची जाडी, अर्थिंग व मंजूर भार हें वायरमनकडून तपासून घ्यावें. गाडी वर असतां वीज गेली तर ती खटक्यांवर स्थिर राहिली पाहिजे व हातानें उतरविण्याची सोय पाहिजे. विकत घेतेवेळीं हें दोन्ही प्रत्यक्ष करून दाखवावयास सांगावें.

७. घेतांना व घेतल्यावर

एक कोरा कागद घेऊन त्यावर रकाने आंखावे : वजन उचलण्याची ताकद, खटके किती उंचीवर व किती, पायाचा नकाशा, विजेचा प्रकार, रबरी कड्या व साखळ्या जवळच्या शहरांत मिळतात कीं नाहींत, बसवून देणारा कोण, हमी किती वर्षांची, आणि शेवटीं किंमत. तीन ठिकाणचे दर लेखी मागवून रकाने भरावे. एखाद्या दुकानदाराचा पायाचा रकाना रिकामा राहिला तर त्याची किंमत कितीही कमी असो, तो कागद बाजूस ठेवावा. वापरलेली लिफ्ट स्वस्त मिळते. परंतु तिचीं चऱ्हाटें, साखळ्या व खटके झिजलेले असतील, तर तिच्या स्वस्ताईचा उपयोग नाहीं.

साधन घरीं आल्यावर हे नियम भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावे :

गाडी सपाट जागीं उभी करून हातब्रेक ओढावा. जॅकनें एक बाजू उचलावयाची तर जमिनीवर राहाणाऱ्या चाकांस उटी लावावी.

गाडी प्रथम सहा इंच उचलावी, थांबावें, हातानें हलवून पाहावें, मगच वर न्यावी.

लिफ्ट असेल तर ती थोडी खालीं घेऊन खटक्यांवर बसवावी. जॅक असेल तर भार घोड्यांवर द्यावा. तोंवर कोणीही खालीं जाऊं नये.

गाडींत माणूस बसलेला असतां ती उचलूं नये. लहान मुलें व जनावरें शेडबाहेर ठेवावीं.

एकट्यानें काम करूं नये; हांक ऐकूं जाईल इतक्या अंतरावर दुसरा माणूस असावा.

बंद शेडमध्यें इंजिन चालू ठेवूं नये; त्याच्या धुराचा विषार वासावरून कळत नाहीं.

दोन खांबी लिफ्ट असल्यास वर्षांतून दोनदां, वैशाखांत व पावसाळा संपल्यावर, दोन्ही खांबांस ओळंबा लावून पाहावा आणि बोल्ट तपासावे. ओळंबा पूर्वींच्या खुणेवरून हलला असेल तर त्याच दिवशीं काम बंद करून जाणकारास बोलवावें.

८. आमचें मत

ज्या घरीं एक जीप किंवा मोटार आहे व वर्षांतून दोन-तीन वेळां तेल बदलणें एवढेंच काम आहे, त्यांनीं तीन टनांचा चांगला जॅक, चार घोड्या आणि काँक्रीटचा लहानसा ओटा यांवर समाधान मानावें. हा खर्च कांहीं हजारांत भागतो व सर्व काम होतें. ज्या घरीं तीन-चार वाहनें आहेत आणि काम शिकलेला माणूस आहे, त्यांनीं पक्क्या तळावर मध्यम कात्री लिफ्ट घेण्यास हरकत नाहीं. दोन खांबी लिफ्टची किंमत पायासुद्धां लाखाच्या पुढें जाते. ती एका घराच्या कामानें फिटत नाहीं. मुरमाड जागा असलेल्या गांवीं आठ-दहा सभासदांनीं वर्गणीनें किंवा सोसायटीमार्फत ती बसवावी, एक शिकलेला माणूस तिच्यावर नेमावा, आणि वापराची वही ठेवावी. औषध फवारण्याचे पंप व मळणीयंत्र जसे पुष्कळ ठिकाणीं सामाईक चालतात, तसेंच हें चालेल. मात्र बाहेरच्या लोकांच्या गाड्या पैसे घेऊन दुरुस्त करावयाच्या झाल्यास तो धंदा होतो. तेव्हां जमिनीच्या वापराबद्दल व वीजजोडणीबद्दल आधीं तहसील कचेरींत व वीज कचेरींत चौकशी करावी.

तात्पर्य, ज्यास लिफ्ट घ्यावयाची आहे त्यानें प्रथम दुकानांत न जातां कुदळ घेऊन आपल्या शेडांत जावें व खालीं काय आहे तें पाहावें. मग गाडीचें वजन, मग छप्पर, मग वीज, आणि सर्वांच्या शेवटीं किंमत. आणि ज्यास लिफ्ट घ्यावयाची नाहीं, त्यानेंही येत्या बाजारच्या दिवशीं घोड्यांची एक जोडी तरी आणावी. ज्या घरीं जॅक आहे पण घोडी नाहीं, त्या घरीं गाडीखालीं जाण्याचें साधन अद्याप आलेलेंच नाहीं, असें समजावें.